तीन मजली कीबोर्ड

खोटं बोललेलं स्टेनोबाईंना चालायचं, हळू बोललेलं चालायचं नाही. सगळी हयात कोर्टात गेली त्यांची. साक्षीदार खरं बोलतोय की थापा मारतोय हे बघायला न्यायाधीश बसलेत, आपण फक्त त्याच्या तोंडातून जे पडलं ते उतरवून घ्यायचं, असा बाईंचा सरळ कारभार. पण कुणी तोंडातल्या तोंडात पुटपुटलं की त्यांचे हात थांबायचे, चष्मा नाकावरून खाली यायचा, आणि भलेभले वकील घसा खाकरून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. 'अं', 'उं', 'म्हणजे कसं आहे की', सगळं जसंच्या तसं उतरायचं. एका वकिलांनी एकदा हळूच येऊन विचारलं होतं, माझं ते मधलं वाक्य जरा नीट करून घालता का. बाई म्हणाल्या, मग बोलतानाच नीट बोलायचं होतंत.

आता अशा बाईच्या घरात नवऱ्यालाच ऐकू येईनासं व्हावं, याला काय म्हणायचं? पण झालं खरं तसं. नवरा बसड्रायव्हर. जुन्या बसचं इंजिन ड्रायव्हरच्या शेजारीच धडधडत असायचं, आणि त्या धडधडीवर आवाज चढवून बोलायची यांना इतकी सवय की डेपोत त्यांचं नावच 'हॉर्न' पडलं होतं. नवीन पोरं आदराने 'हॉर्नराव' म्हणायची. नोकरी संपली, बस गेली, आणि मागोमाग कानही गेले. कानात यंत्र बसवलं. घरात समोरासमोर, एकेकाने बोललं की त्यातून कळायचं. चारचौघांत मात्र ते यंत्र सगळ्यांचं बोलणं, कपबश्या आणि खुर्च्यांची खरखर एकत्र घुसळून कानात ओतायचं.

आणि हॉर्नरावांचा जीव तर चारचौघांतच. दर रविवारी सकाळी डेपोच्या कँटीनमध्ये खिडकीजवळच्या टेबलावर तिघांची बैठक असायची: हे, यांचा कंडक्टर आणि डेपोचा फोरमन. कंडक्टर म्हणजे विनोदाची खाण, फोरमन म्हणजे कपाळावर कायमची आठी. तिघांचं भांडण, हसणं, टेबलावर हात आपटणं पार गेटपर्यंत ऐकू जायचं. पुढे पुढे हॉर्नराव उशिरा हसायला लागले. सगळे हसतायत म्हणून हसायचं, एवढंच उरलं. आणि एका रविवारी फोरमनने बायकोला दवाखान्यात ठेवल्याचं सांगितलं, तेव्हा हे खो खो हसले. कंडक्टर सांगताना जसं तोंड वाकडं करतो तसंच फोरमनने केलं होतं, यांना वाटलं काहीतरी गंमत आहे. कंडक्टरने घरी फोन करून बाईंना खरा प्रकार कळवला, आणि बाईंनी यांना सांगितला. माणूस पार खचला. त्यानंतर कँटीनचं नाव काढलं नाही.

मित्र वाईट नव्हते हो. फोरमनची बायको बरी होऊन घरी आल्यावर दोघे भेटायला आले, मोठ्यांदा 'कसं काय, बरं ना?' म्हणाले, पाठीवर हात ठेवला, बिस्किटं खाल्ली आणि गेले. तसेच अधूनमधून येत राहिले. हॉर्नराव रविवारी सकाळी पेपर घेऊन बसायचे आणि दुपारपर्यंत तेच पान समोर असायचं. बाईंना ते बघवायचं नाही. त्यांना जगाकडून दुसरं काही नको होतं. यांनी पुन्हा त्या टेबलाशी जाऊन बसावं आणि हसायच्या वेळी हसावं, बस्स.

पहिल्यांदा लेकीने बापाच्या फोनमध्ये बोललेलं लिहून दाखवणारी सोय घालून दिली. ती घरात बरी चालली. कँटीनच्या दाराशी नुसती तपासून बघितली, तर तीन टेबलांवरच्या गप्पा, चहाची ऑर्डर आणि बाहेर मागे घेत असलेली बस या सगळ्याचं मिळून एक वाक्य तयार झालं. त्या वाक्यात कोणीतरी बटाट्याशी लग्न करत होतं. हॉर्नराव आत पाऊल न टाकता परत फिरले.

मग बाईंनी पदर खोचला. आख्खं कोर्ट उतरवून घेतलं, तर हे एक टेबल काय मोठंसं? आपला जुना लांबलचक कीबोर्ड आणि लॅपटॉप घेऊन त्या यांना ओढत कँटीनला घेऊन गेल्या. कीबोर्ड ठेवायला कपबश्या हलवाव्या लागल्या, साखरेची बरणी खुर्चीवर गेली. खडखडाट असा की शेजारच्या टेबलावरचे वळून बघायला लागले. आणि मित्रांची तर बोलतीच बंद. कंडक्टर साक्षीदारासारखा ताठ बसून पूर्ण वाक्यात बोलायला लागला. फोरमन म्हणाला, वहिनी, ते 'गाढव' लिहू नका, मी रागाच्या भरात म्हणालो. बाईंनी तेही लिहिलं. घरी येताना हॉर्नराव एकच वाक्य बोलले: "मला मित्रांना भेटायचं होतं, त्यांच्यावर खटला नव्हता भरायचा."

इथे जावईबापू आले. खरं म्हणजे ते आधीपासून होते, पण बाईंच्या खिजगणतीत नव्हते. माणूस शांत, कुठल्याशा कंपनीत कॉम्प्युटरवर काम करणारा. जेवायला वाढलं की 'बास, आई' एवढं बोलायचा आणि पुन्हा ताटात बघायचा. शब्दांवर जगलेल्या बाईंना असला जावई म्हणजे शिक्षाच वाटायची. त्यात त्याला छंद कसला, तर इवलेइवले कीबोर्ड बनवायचा. चिमटे, वायरी, डाग द्यायचं यंत्र, रंगीबेरंगी बटणं, सगळा पसारा जेवणाच्या टेबलावर. लेक म्हणायची, आमच्या घरी पाहुण्यांना ताट ठेवायला जागा मागावी लागते. लग्नानंतर पहिल्यांदा त्याने असा तळहाताएवढा कीबोर्ड कौतुकाने दाखवला होता, तेव्हा बाईंनी विचारलं होतं, बाकीचा कुठे सांडला?

तोच जावई एका संध्याकाळी दोन तुकडे घेऊन आला. दोन हातांचे दोन, मध्ये एक वायर, दोन्हींत मिळून छत्तीस बटणं. त्याने ते बाईंच्या दोन मांड्यांवर ठेवले. टेबलाखाली मावतात, म्हणाला. बटणं मुद्दाम बिनआवाजाची बसवली आहेत. लिहिलेलं बाबांच्या फोनवर मोठ्या अक्षरात उमटेल. इतकी वाक्यं त्याने वर्षभरात मिळून बोलली नव्हती.

बाईंनी बटणं मोजली आणि म्हणाल्या, जावईबापू, मराठी या छत्तिसात बसायची नाही. आकडे कुठायत? 'भ' कुठाय? पुसायचं बटण कुठाय?

"वर आहेत, आई," जावई म्हणाला. अंगठ्याखालचं बटण दाबून धरलं की त्याच बटणांचा अर्थ बदलतो. सोडलं की पुन्हा होतं तसं. दुसऱ्या अंगठ्याने आणखी एक संच. बोटं जागची हलवायची नाहीत, अक्षरंच बोटांखाली येतात. त्याने त्याला काहीतरी इंग्रजी नाव सांगितलं, पण बाईंनी ते कानाआड केलं.

"म्हणजे मजले," त्या म्हणाल्या. आणि मजलेच झाले ते.

मग कोण कुठे राहणार यावरून दोघांत जी जुंपली, ती भाडेकरूंच्या सभेला लाजवेल अशी. नेहमी लागणारी अक्षरं तळमजल्यावर, यावर एकमत होतं. 'क'च्या डोक्यावर 'ख', 'त'वर 'थ', 'प'वर 'फ', ही जावयाची युक्ती बाईंना मनापासून पटली. पण पठ्ठ्याने 'ळ' पहिल्या मजल्यावर टाकला होता. बाई उसळल्याच. वेळ, सगळे, मिळालं, कळलं, काळजी, गोंधळ, या सगळ्यांसाठी दरवेळी जिना चढू का मी? जावयाने निमूटपणे 'ळ' खाली आणला. मग जागा कमी पडली म्हणून त्याने 'ष' वर पाठवला, आणि बाईंनी तोंड फुगवलं. कोर्टाच्या भाषेत 'ष' पावलोपावली, 'क्ष'च्या पोटातसुद्धा तोच. तेव्हा जावई म्हणाला, आई, कँटीनमध्ये 'आक्षेप' कोण घेतं? बाईंना हसू आलं, आणि 'ष' वर गेला. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी जावयाला आग्रह करून दोनदा वाढलं.

पण बसवणं वेगळं आणि बोटांना पटवणं वेगळं. जिच्या वेगावर कोर्टाचे कारकून पैजा लावायचे, ती बाई आता एकेका अक्षराला चाचपडायला लागली. शिवाय त्यांची जुनी खोड आडवी आली. दोन शब्दांत जागा सोडायचं बटण अंगठ्याखाली, आणि जिना चढायचंही तेच: टिचकी मारली की जागा सुटायची, दाबून धरलं की वरचा मजला. बाईंचा अंगठा आयुष्यभर त्या बटणावर विसावलेला. म्हणजे प्रत्येक शब्द सुरू करताना यंत्राला वाटायचं बाई वर निघाल्या. त्यांनी यांना विचारलं, तुम्ही चहा पिता का, आणि फोनवर आलं, 'थुम्ही छहा फिता खा'.

हॉर्नरावांनी वाचलं. पुन्हा वाचलं. आणि असे हसले की शेजारीण दार उघडून बघून गेली. कितीतरी दिवसांनी त्या घरात तो आवाज घुमला होता. बाईंना आधी राग आला आणि मग रडूच फुटलं, आणि हॉर्नराव मात्र डोळे पुसत म्हणत होते, फितो, फितो, आण छहा.

तेव्हापासून ते हात धुऊन त्यांच्या मागे लागले. सकाळी उठल्यावर फोन पुढे करायचे, काहीतरी लिही म्हणून. बाई रेडिओवरच्या बातम्या उतरवायच्या, लेकीचं फोनवरचं सासूपुराण उतरवायच्या, जिन्यात उभं राहून शेजाऱ्यांचं भांडणही उतरवायच्या. हॉर्नरावांना बातम्यांपेक्षा भांडणात रस. जावयाने अंगठ्याच्या बटणाची वाट बघायची वेळ कमीजास्त करून बघितली. वाढवली की 'ख' हवा तिथे 'क' पडायचा, कमी केली की पुन्हा 'थुम्ही'. जावयाच्या नाकी नऊ आले. शेवटी बाई म्हणाल्या, एका अंगठ्याला दोन नोकऱ्या देऊच नका. उजव्याने फक्त जागा सोडायची, डाव्याने फक्त जिने चढायचे, एका बटणाने पहिला मजला, शेजारच्याने दुसरा. जावयाने तसं करून दिलं आणि गाडं रुळावर आलं. हळूहळू मजले अंगात मुरले. इतके की पावाला लोणी लावताना 'भरपूर' म्हणायचं मनात आलं तरी बाईंचा डावा अंगठा टेबलाची कड दाबायचा. एकदा लेकीच्या घरी तिच्या साध्या कीबोर्डवर बसल्या, तर आकडे काढायला हात उचलून एवढ्या लांब न्यायचा याचाच त्यांना कंटाळा आला. माणसं अशी कशी राहतात, म्हणाल्या, सगळं पसरून.

आता घोडं अडलं ते हॉर्नरावांपाशी. कँटीन म्हटलं की पेपर वर. शेवटी एकदा त्यांनी मनातलं बोलून टाकलं. मला गाळून नकोय, म्हणाले. चारचौघांत सगळे पाच मिनिटं बोलतात, हसतात, आणि मी विचारलं की तू म्हणतेस, काही नाही, असंच. मला ते 'काही नाही' ऐकायचा वीट आलाय. बाईंना ते लागलं, कारण खरं होतं. ज्या हाताने वकिलाचं एक 'अं' कधी सोडलं नाही, त्याच हाताने नवऱ्याला मात्र कायम उरलंसुरलं वाढलं होतं. त्या म्हणाल्या, जे बोलतील ते जसंच्या तसं. नवऱ्याने हात पुढे केला, बाईंनी त्यावर टाळी दिली. मागच्या वेळी मित्र आखडले होते, म्हणून पहिल्या दिवशी त्यांना काही सांगायचं नाही, असंही ठरलं.

रविवारी दोघे कँटीनमध्ये शिरले तेव्हा कंडक्टर खुर्चीवरून उठलाच. बाईंनी खिडकीकडची खुर्ची धरली, मांडीवर शाल घेतली आणि शालीखाली दोन तुकडे. हॉर्नरावांनी फोन साखरेच्या बरणीला टेकवून ठेवला. म्हातारपणी सगळ्यांच्याच समोर फोन असतो, कोणाला काय वाटणार? बाईंनी चेहरा कोर्टातला केला. तो चेहरा असा की समोर खून कबूल झाला तरी वाटावं, या बाई घरी जाऊन कुठली भाजी करायची याचा विचार करतायत. शाल मात्र जरा जरा हलत होती.

कंडक्टरने एका प्रवाशाचा किस्सा काढला. प्रवासी कोंबडी घेऊन चढला, तिचं तिकीट काढायचं की नाही यावरून बस अडली, आणि अर्धी बस कोंबडीच्या बाजूने बोलायला लागली. शेवटचं वाक्य त्याच्या तोंडातून पडलं आणि हॉर्नराव हसले. सगळ्यांच्या बरोबर. बाईंचे हात चालूच राहिले. मग हॉर्नरावांनी वर एक टोमणाही मारला, कोंबडीने तरी सुट्टे दिले का म्हणून, आणि कंडक्टरने टेबलावर हात आपटला. फोरमन मात्र बुचकळ्यात पडून कधी यांच्याकडे बघत होता, कधी चहाकडे.

तेवढ्यात बाहेर एक बस मागे घेताना कुठेतरी घासली, आणि ड्रायव्हर तो ड्रायव्हर, हॉर्नराव खिडकीकडे वळून बघायला लागले. फोरमन कंडक्टरकडे झुकला. आवाज अगदी खाली आणला. वहिनी बाहेर बघतायत, हा ऐकत नाही, मग काय? पण बाईंचे कान हळू बोलणाऱ्यांवरच तयार झालेले, आणि त्यांच्या कानांतून बोटांत जाणारा रस्ता डोक्यातून जात नाही. फोरमन बोलून गेला आणि मग बाईंना कळलं की आपण काय लिहिलं: 'आज बराय हा, पण दर रविवारी आणू नका म्हणून वहिनींना सांगायला पाहिजे. दया येते, पण याच्यासमोर मोकळं बोलता येत नाही. ओरडून ओरडून जीव जातो.'

हॉर्नराव अजून बाहेरच बघत होते. त्यांनी वाचलं नव्हतं. पुसायचं बटण दुसऱ्या मजल्यावर. बाईंचा अंगठा आपसूक तिकडे गेला, जिन्याचं बटण दाबलंही गेलं, आणि मधलं बोट पुसायला टेकलं. एवढं पुसून टाकायचं आणि यांनी विचारलं तर काही नाही, असंच, म्हणायचं. कोणाला कळणार होतं? हे वाचून हा माणूस उठून गेला तर पुन्हा कधी या टेबलाशी यायचा नाही. आणि पुसलं, तर आला काय अन् नाही काय. बाईंनी अंगठा उचलला आणि अक्षरं तशीच ठेवली.

हॉर्नराव वळले. फोनकडे बघितलं. वाचलं. पुन्हा सावकाश वाचलं.

"फोरमन," हॉर्नराव म्हणाले, "जीव जात असेल तर हळू बोल की. आत्ताचं तुझं मला सगळं कळलं. दया आली तेही."

फोरमनचा चेहरा पांढरा पडला. कंडक्टरने आधी यांच्याकडे, मग फोनकडे, मग शालीकडे बघितलं आणि सरळ टेबलाखाली डोकं घातलं. बाईंनी शाल बाजूला केली. आता लपवून काय करायचं? फोरमन काहीतरी पुटपुटायला लागला, माफ कर, तसं नव्हतं म्हणायचं. बाईंनी तेही लिहिलं. हॉर्नरावांनी हात वर करून त्याला थांबवलं.

"माफी मागू नकोस रे. माझे कान गेल्यापासून तुम्ही सगळे माझ्याशी इतके गोड वागताय की मला वाटायला लागलं होतं, मी मेलोय आणि मला सांगायचं राहिलंय. आज पहिल्यांदा कोणीतरी माझ्याबद्दल वाईट बोललं. कसं बरं वाटलं म्हणून सांगू."

फोरमनने कप उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. त्याचे डोळे भरले होते आणि ते लपवायला त्याला एकच गोष्ट येत होती. त्याने कपाळाला आठी घातली.

"ऐकू येतंय ना तुला? मग ऐकच आता," तो म्हणाला. "त्या जुन्या बसचा गिअरबॉक्स तू खाल्लास. तू. माझ्या माणसांवर आळ आणलास. केव्हापासून मनात ठेवलंय. बहिऱ्याशी भांडायचं तरी कसं, म्हणून गप्प बसलो होतो."

मग काय विचारता. हॉर्नराव खुर्चीवर पुढे सरकले, म्हणाले, तुझ्या माणसांनी तेल घातलं असतं तर गिअर पडला असता. फोरमन म्हणाला, तेलाला हात लावायच्या आधी तुझ्या हाताला अक्कल घालायला हवी होती. कंडक्टर मध्ये पडला आणि दोघांच्या शिव्या खाऊन बाहेर आला. तिघेही एकाच वेळी बोलत होते. बाईंच्या बोटांनी कोर्टात सुद्धा असली धांदल बघितली नव्हती. जिने चढ, जिने उतर, 'घ' घे, 'भ' घे, फोरमनच्या एकेका शब्दाला पहिला मजला लागत होता. आणि मध्येच तो यांना काय म्हणाला कोण जाणे, बाईंना हसू आवरेना. त्या आयुष्यात पहिल्यांदा कामावर असताना हसल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, दोन्ही हात तोंडावर धरून.

फोनवरची अक्षरं थांबली. हॉर्नरावांनी भांडण अर्ध्यावर सोडून बायकोकडे बघितलं आणि टेबलावर थाप मारली.

"अगं, थांबलीस काय? शिव्या देतोय ना तो मला? एकही सोडू नकोस, लिही."